मॉग्वाय बँडबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्यांनी मॉग्वायचं एकही गाणं ऐकलेलं नाही त्यांच्यापासून ते ज्यांच्याकडे सगळ्या रेकॉर्ड आहेत त्यांच्यापर्यंत सगळेच काही ना काही विचारत असतात, त्यातले नेहमीचे प्रश्न इथे एका जागी घेतलेत. जे माहीत असेल ते सोडून पुढे जा.

मॉग्वाय म्हणजे नक्की कोण?

स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचा बँड. गिटारवर स्टुअर्ट ब्रेथवेट, बेसवर डॉमिनिक एचिसन आणि ड्रम्सवर मार्टिन बुलॉक असे तिघं १९९५ ला एकत्र आले, मग जॉन कमिंग्ज दुसरा गिटारिस्ट म्हणून आला, आणि १९९८ ला बॅरी बर्न्स आला, जो पियानो, कीबोर्ड, गिटार, बासरी असं काहीही वाजवतो. तीस वर्षं होऊन गेली, अकरा स्टुडिओ अल्बम झाले, त्याशिवाय साउंडट्रॅकची वेगळी रांग आहे. बहुतेक सगळं संगीत बिनशब्दांचं. आणि तरीही २०२१ ला त्यांचा अल्बम ब्रिटनच्या चार्टवर एक नंबरला गेला, तोही स्वतःच्या लेबलवरून, म्हणजे स्वतःच्याच रेकॉर्ड कंपनीतून. मला या बँडबद्दल एवढं बोलावंसं वाटतं त्याचं कारण हेच आहे, की त्यांनी स्वतःचं संगीत आणि स्वतःचा कारभार दोन्ही स्वतःच्या हातात ठेवलं आणि त्यामुळेच ते इतके टिकले.

हे नाव कुठून आलं?

१९८४ च्या 'ग्रेम्लिन्स' सिनेमातल्या त्या केसाळ प्राण्यावरून. बरं नाव सुचलं की बदलू असं ठरलं होतं, ते राहूनच गेलं.

मॉग्वायला पोस्ट-रॉक म्हणतात ते काय? रॉकच आहे ना हे?

वाद्यं रॉकचीच, गिटार, बेस, ड्रम्स, पण ध्रुवपद-कडवं-ध्रुवपद अशी गाण्याची चौकट नाही. सायमन रेनल्ड्स या इंग्लिश समीक्षकाने १९९४ च्या सुमाराला हा शब्द रुजवला. तेव्हा त्याच्या डोळ्यापुढे जे बँड होते ते मॉग्वायपेक्षा बरेच वेगळे होते, आज आपण पोस्ट-रॉक म्हटल्यावर जे डोक्यात येतं, म्हणजे हळू सुरू होऊन चढत चढत जाणाऱ्या लांबलचक गिटारी, ते चित्र नंतर तयार झालं आणि ते तयार होण्यात मॉग्वायचा मोठा हात आहे. अमेरिकेतल्या स्लिंट या बँडचा १९९१ चा 'स्पायडरलँड' त्यांनी भरपूर ऐकला होता, दबक्या आवाजात वाजवत राहायचं आणि मग एकदम फुटायचं ही रीत तिथली. त्याच्या जोडीला माय ब्लडी व्हॅलेंटाइन, द क्युअर, जॉय डिव्हिजन, स्टूजेस. बँडला स्वतःला पोस्ट-रॉक हे बिरुद कधी फारसं आवडलेलं नाही, आणि त्यांची बाजू मला पटते, कारण त्यांच्या रेकॉर्डमध्ये सिंथवरचं (सिंथेसायझरवरचं) इलेक्ट्रॉनिक आहे, पियानोवरच्या साध्या धुना आहेत, चक्क तीन-चार मिनिटांची पॉप गाणीसुद्धा आहेत.

म्हणजे गातात का नाही?

गातात, अधूनमधून. स्टुअर्टच गातो बहुतेक वेळा, आवाज हळू, थोडा मागे ठेवलेला, १९९९ चं 'कोडी' ऐका. कधी आवाज व्होकोडर या यंत्रातून काढतात, त्यामुळे शब्द कळत नाहीत, नुसता माणसाच्या गळ्याचा रंग उरतो, २००३ चं 'हंटेड बाय अ फ्रीक' हे त्याचं सगळ्यात सुंदर उदाहरण. कधी पाहुणा गातो, पहिल्या अल्बममध्ये अरब स्ट्रॅप या बँडचा एडन मोफॅट आहे, २००१ च्या 'रॉक अ‍ॅक्शन' अल्बमवर वेल्सचा गायक ग्रुफ रीस चक्क वेल्श भाषेत गायलाय. आणि कधी कोणाचं नुसतं बोलणं असतं, १९९९ च्या अल्बमच्या सुरुवातीला स्टूजेसचा गायक इगी पॉप याची १९७७ ची कॅनडातल्या टीव्हीवरची मुलाखत आहे, तो पंक रॉकबद्दल तावातावाने बोलतोय आणि खाली गिटार अगदी सावकाश वाजतेय. पूर्णपणे बिनशब्दांचा असा त्यांचा पहिला अल्बम थेट २००८ चा 'द हॉक इज हाउलिंग'. तर 'इन्स्ट्रुमेंटल बँड' असा नियम त्यांनी कधी केलाच नव्हता, जिथे आवाज हवा वाटला तिथे घेतला, नाही वाटला तिथे सोडला.

शब्दच नाहीत तर ऐकायचं काय?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो आणि त्याला नीट उत्तर द्यायला हवं.

१९९७ चा पहिला अल्बम 'यंग टीम', त्यातलं शेवटचं गाणं 'मॉग्वाय फिअर सेटन', सोळा मिनिटांचं. तीन कॉर्ड आहेत त्यात, आणि तेच तीन कॉर्ड शेवटपर्यंत फिरत राहतात. बदलतं काय तर त्यांच्याभोवतीचं सगळं, ड्रम्स भरत जातात, डिस्टॉर्शन (गिटारचा मुद्दाम फाडलेला आवाज) चढतं, मग सगळं ओसरतं आणि त्या रिकाम्या झालेल्या जागेत बासरी येते, आणि आता शांतच राहणार असं वाटेपर्यंत गिटारी परत येतात. आपल्याला ख्यालात विलंबितातून द्रुताकडे जाण्याची सवय असते, म्हणजे चढत जाणं ओळखीचं आहे, पण इथे लय वाढत नाही, त्याच लयीत आवाजाची दाटी वाढते. तेव्हा 'पुढे काय होणार' हे सुरावटीत शोधू नका, एकाच सुरावटीवर किती थर चढलेत आणि कुठला थर आत्ता निघाला ते ऐका. बेसकडे लक्ष ठेवलं तर फार सोपं जातं, गाणं कुठे आहे ते बहुतेक वेळा डॉमिनिकच्या बेसवरच कळतं, गिटारी त्याच्या वर हवामानासारख्या बदलत असतात.

त्याच अल्बमवर 'लाइक हेरड' आहे. तिथे बेस आणि गिटार कितीतरी वेळ दबकत जातात आणि मग एका क्षणात सगळं अंगावर येतं, पहिल्यांदा ऐकणारा दचकतोच. हा धक्का त्यांची ओळख झाला. आणि मला त्यांच्या अख्ख्या वाटचालीत सगळ्यात धाडसाची गोष्ट कुठली वाटते तर पुढच्याच अल्बममध्ये, १९९९ च्या 'कम ऑन डाय यंग' मध्ये, त्यांनी तो धक्का देणं जवळजवळ बंद केलं. न्यूयॉर्क राज्यात प्रोड्युसर डेव्ह फ्रिडमनच्या स्टुडिओत जाऊन तासाभराहून मोठा अल्बम केला आणि त्यातला बराचसा भाग सावकाश आणि कोरडा आहे, प्रत्येक वाद्य सुटं सुटं ऐकू येतं, स्फोटासाठी 'ख्रिसमस स्टेप्स' येईपर्यंत थांबावं लागतं. तेव्हा खूप जणांना तो आवडला नव्हता. लोक ज्यासाठी आपल्याला ओळखायला लागलेत तेच विशीतल्या पोरांनी दुसऱ्या अल्बमला बाजूला ठेवायचं, याला फार विश्वास लागतो स्वतःवर.

गाण्यांची नावं अशी विचित्र का असतात?

'आय अ‍ॅम जिम मॉरिसन, आय अ‍ॅम डेड' वगैरे ना? मित्रमंडळींच्या गप्पांत कोणीतरी काहीतरी बोलतं, ते लिहून ठेवलं जातं, आणि अल्बम तयार झाला की ती नावं धुनांना चिकटवली जातात. २०२१ च्या अल्बमचं पहिलं गाणं तर त्यांच्या एका संगीतकार मित्राच्या झोपेतल्या बडबडीने सुरू होतं आणि नावही तिथूनच आलंय. नावात धुनेचा अर्थ शोधू नका.

सगळं सारखंच वाटतं. माझं काही चुकतंय का?

चुकत काही नाही, पण बहुधा मोबाईलच्या स्पीकरवर ऐकताय. या संगीताचा अर्धा जीव खालच्या सुरांत आणि हळू-मोठ्या आवाजातल्या फरकात आहे, आणि छोट्या स्पीकरवर नेमकं तेच दोन्ही जातं, मागे एकसारखी गिटार घुरघुरत राहते.

इंडिपेंडंट बँड म्हणतात ते नक्की कशामुळे?

लोक 'इंडी' हा शब्द आवाजासाठी वापरतात, इथे तो व्यवहाराचा आहे. १९९६ ला पहिलं सिंगल काढायचं होतं तेव्हा त्यांनी कोणाच्या दारात न जाता रॉक अ‍ॅक्शन नावाचं स्वतःचं लेबल काढलं (स्टूजेसच्या ड्रमरचं टोपणनाव आहे ते). मग पहिले दोन अल्बम केमिकल अंडरग्राउंडवर आले, ते लेबलही ग्लासगोतल्याच डेलगाडोज या बँडने चालवलेलं, म्हणजे वाजवणाऱ्यांनी वाजवणाऱ्यांसाठी काढलेलं. ब्रिटनमध्ये संगीतातलं नाव कमवायचं तर लंडनला जा अशी सवय होती, आणि याच पोरांनी, अरब स्ट्रॅपने, डेलगाडोजने ग्लासगोत राहून, आजूबाजूच्या लॅनार्कशरमधल्या स्टुडिओत रेकॉर्ड करून ती मोडली.

मधली काही वर्षं ते इतर लेबलांबरोबर होते, पण रॉक अ‍ॅक्शन बंद पडू दिलं नाही, त्यावर दुसऱ्यांचे अल्बम काढत राहिले, आणि शहरात स्वतःचा स्टुडिओ उभा केला, कॅसल ऑफ डूम नावाचा. २०११ च्या 'हार्डकोर विल नेव्हर डाय, बट यू विल' पासून त्यांचे अल्बमही परत घरच्या लेबलवर आले. अमेरिकेत मात्र तिथल्या लेबलाशी करार, आधी मॅटडोर, मग सब पॉप, नंतर टेम्पररी रेसिडेन्स. ही मांडणी मला फार शहाणपणाची वाटते, आपल्या भागात मालकी आपली आणि जिथे आपली माणसं नाहीत तिथे तिथल्या जाणकार लेबलाला काम द्यायचं.

आणि त्या लेबलचा फायदा फक्त त्यांना झालेला नाही. अरब स्ट्रॅपचं पुनरागमन २०२१ ला रॉक अ‍ॅक्शनवर झालं, द ट्वायलाइट सॅडचा २०१९ चा अल्बम तिथलाच, सेक्रेड पॉजने २०१७ ला स्कॉटलंडचा वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचा पुरस्कार जिंकला तोही याच लेबलवरच्या रेकॉर्डसाठी. म्हणजे आपण वर चढल्यावर मागच्यांसाठी शिडी तशीच ठेवली.

सिनेमांचं काम कधी सुरू झालं? त्यामुळे बँड बदलला का?

२००६ पासून जोरात. डग्लस गॉर्डन हा ग्लासगोचा कलाकार आणि फिलिप पारेनो यांनी फ्रान्सचा फुटबॉलपटू झिदान याच्यावर एक फिल्म केली होती, २३ एप्रिल २००५ ची रिआल माद्रिद विरुद्ध व्हियारिआल मॅच, आणि १७ कॅमेरे फक्त झिदानवर. गोल कोणी केला, बॉल कुठे आहे, याच्याशी कॅमेऱ्याला देणंघेणं नाही, माणूस चालतोय, थांबतोय, जमिनीवर बूट घासतोय, आणि मॅच संपता संपता त्याला रेड कार्ड मिळून तो बाहेर जातो. मॉग्वायचं संगीत या सगळ्याच्या खाली इतकं कमी बोलतं की ते वाजतंय हे मधेच विसरायला होतं. बँडमध्ये फुटबॉलचं वेड आहेच, पण मला वाटतं या कामातून त्यांना कमी वाजवण्याची किंमत नव्याने कळली. २००६ लाच 'द फाउंटन' या सिनेमासाठी संगीतकार क्लिंट मॅन्सेल आणि क्रोनोस क्वार्टेटबरोबर वाजवलं.

मग फ्रेंच टीव्ही मालिका 'ले रेव्हनाँ', मेलेली माणसं काही झालंच नाही अशा थाटात एका डोंगरातल्या गावात घरी परत येतात त्याची गोष्ट. इथे गंमत अशी की शूटिंग पूर्ण व्हायच्या आधीच बरंचसं संगीत तयार होतं, म्हणजे चित्राला संगीत चिकटवलेलं नाही, चित्रच संगीताच्या हवेत घडलेलं आहे, आणि मालिका बघताना ते जाणवतं. २०१३ चा हा अल्बम ज्यांनी ऐकला नसेल त्यांनी रात्री ऐका, पियानो, थोडा सिंथ, बारीक ड्रम्स, बस. त्यानंतर मार्क कझिन्सच्या अणुयुगावरच्या डॉक्युमेंटरीचं संगीत 'अ‍ॅटॉमिक' (२०१६), पुढे 'किन', 'झीरोझीरोझीरो', 'ब्लॅक बर्ड'.

पैशाच्या बाजूनेही हे महत्त्वाचं आहे आणि त्याबद्दल संकोचायचं काही कारण नाही. टूरचा भरवसा नसतो, कोणी आजारी पडलं की उत्पन्न थांबतं, स्ट्रीमिंगमधून लांब गाण्यांना तर फारच थोडं मिळतं कारण सोळा मिनिटांचं गाणं पूर्ण ऐकलं तरी ते एकदाच मोजलं जातं. साउंडट्रॅक हे घरी बसून करायचं ठरलेल्या मोबदल्याचं काम आहे आणि बिनशब्दांच्या बँडला ते गाणाऱ्या बँडपेक्षा सहज जमतं, कारण पडद्यावर माणसं बोलत असताना खाली शब्द नकोच असतात. आणि शिकलेलं अल्बममध्ये परत आलं, २०१४ च्या 'रेव्ह टेप्स' मधले सिंथ ऐकले की 'ले रेव्हनाँ' चं घराणं लगेच ओळखू येतं.

एक नंबरला गेला तो अल्बम कुठला, आणि कसा गेला?

'अ‍ॅज द लव्ह कंटिन्यूज', १९ फेब्रुवारी २०२१. डेव्ह फ्रिडमनकडे अमेरिकेत जाऊन करायचा बेत होता पण कोविडमुळे जाता आलं नाही, मग इंग्लंडमध्ये वुस्टरशरच्या एका स्टुडिओत बँड आणि तिकडे फ्रिडमन झूमवर, असा तो रेकॉर्ड झाला. बाहेर पडल्यावर पहिल्याच आठवड्यात लंडनचा रॅपर गेट्स आणि मॉग्वाय यांच्यात एक नंबरसाठी चुरस लागली, दोघांचेही चाहते पार शेवटच्या दिवसापर्यंत अल्बम विकत घेत होते, आणि मॉग्वाय वर राहिले. पहिला अल्बम १९९७ ला ७५ नंबरवर होता. २०१४ चा १० वर, २०१७ चा ६ वर, आणि मग हा १ वर. चोवीस वर्षं लागली.

मधे कुठलं हिट गाणं नाही, कुठली जाहिरात नाही ज्यामुळे रातोरात नाव झालं. एकेका गिगला, म्हणजे लाइव्ह कार्यक्रमाला, आलेला माणूस परत येत राहिला आणि रेकॉर्ड विकत घेत राहिला, एवढंच. चार्टमध्ये स्ट्रीमिंग धरतात पण एका अल्बमएवढं वजन व्हायला भरपूर स्ट्रीम लागतात, त्यामुळे जे लोक खरंच दुकानातून किंवा वेबसाइटवरून विनाइल, सीडी, कॅसेट घेतात असे श्रोते ज्याच्याकडे आहेत त्याला पहिल्या आठवड्यात मोठा फायदा मिळतो. कोणी म्हणेल मग ही आकड्यांची कमाल आहे, मी म्हणेन तसे श्रोते जमवायलाच तर चोवीस वर्षं गेली. त्याच वर्षी अल्बमला मर्क्युरी प्राइझ या ब्रिटनमधल्या अल्बमच्या पुरस्काराचं पहिलंवहिलं नामांकन मिळालं आणि स्कॉटलंडचा वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचा पुरस्कारही.

मेंबर बदलले का?

फार नाही. पहिल्या अल्बमच्या वेळी टीनएज फॅनक्लब या बँडमधला ब्रेंडन ओ'हेअर थोडा काळ होता. जॉन कमिंग्ज २०१५ ला बाहेर पडला, त्यानंतर टूरवर अ‍ॅलेक्स मकाय गिटार वाजवतो. मार्टिनला पेसमेकर आहे, २०१७ च्या टूरला तो येऊ शकला नाही तेव्हा कॅट मायर्सने ड्रम्स सांभाळले आणि फार ताकदीने सांभाळले. बाकी स्टुअर्ट, डॉमिनिक, मार्टिन, बॅरी, तेच चौघं.

लाइव्हला आवाज खरंच एवढा मोठा असतो?

हो, आणि त्याबद्दल मी आधीच सांगतो, इअरप्लग न्या. गणपती मिरवणुकीत ढोल-ताशा पथकाच्या अगदी पुढ्यात उभं राहिल्यावर छातीत जे होतं ते इथे गिटारींनी होतं, आणि त्याच्या आधीची पाच मिनिटं टाचणी पडली तर ऐकू येईल अशी गेलेली असतात. गिग संपवायला ते बऱ्याचदा 'माय फादर माय किंग' वाजवत आलेत, ज्यूंच्या एका जुन्या प्रार्थनेची चाल आहे ती, न्यूयॉर्कचा प्रोड्युसर आर्थर बेकर याने त्यांना ऐकवली होती. २००१ ला स्टीव्ह अल्बिनीबरोबर तिचं वीस मिनिटांचं रेकॉर्डिंग केलं. चाल अगदी छोटी आहे, दोनदा ऐकली की गुणगुणता येते, आणि शेवटाकडे ती फीडबॅकमध्ये (अ‍ॅम्पच्या किंचाळत्या गुंजनात) बुडून जाते तरी कान तिला धरून ठेवतो.

सगळ्यात नवीन काय आहे?

'द बॅड फायर', जानेवारी २०२५, प्रोड्युसर जॉन काँगल्टन. ब्रिटनमध्ये ५ नंबरवर गेला. 'गॉड गेट्स यू बॅक' मोठ्ठ्याने ऐका. २०२४ ला अँटनी क्रुकने त्यांच्यावर डॉक्युमेंटरीही केली आहे, आणि स्टुअर्टचं आत्मचरित्र २०२२ चं, त्यात ग्लासगोतले नव्वदचे दिवस फार छान आलेत.

आमचाही बिनशब्दांचा बँड आहे, यांच्याकडून काय घ्यायचं?

रेकॉर्डिंगचे हक्क कोणाला देऊन टाकू नका, सगळ्यात आधी हे. आपल्याकडे नाटकं, शॉर्ट फिल्म, डॉक्युमेंटरी करणारी पोरं भरपूर आहेत आणि त्यांना संगीत हवंच असतं, त्यांच्याशी आत्तापासून जोडून राहा. दुसरं म्हणजे शेजारच्या बँडला धरून चाला, एकटा बँड गिग भरवू शकत नाही, चार बँड मिळून भरवतात. आणि भारतात हे चालत नाही असं कोणी म्हटलं तर अहमदाबादेत सुरू झालेला अ‍ॅज वी कीप सर्चिंग बघा, पोस्ट-रॉकच वाजवतात, मधे हिंदी शब्द येतात, आणि त्यांचे श्रोते आहेत.

कुठून सुरुवात करू?

पहिल्याच दिवशी सोळा मिनिटांच्या गाण्यापाशी जाऊ नका. २०२१ चं 'रिची सॅक्रामेंटो' घ्या, त्यात शब्द आहेत, गेलेल्या मित्रांसाठीचं आहे, चार मिनिटांत संपतं. मग २००६ च्या 'मिस्टर बीस्ट' ची पहिली दोन, 'ऑटो रॉक' आणि लगेच 'ग्लासगो मेगा-स्नेक', ही एकामागून एकच ऐका, मधे थांबू नका, पियानोचं चढणं आणि त्यावर येऊन आदळणाऱ्या गिटारी ही जोडी तशीच केलेली आहे. आवडलं तर 'ले रेव्हनाँ', ज्यांना मोठा आवाज नको असतो त्यांनी तर थेट तिथूनच. 'कम ऑन डाय यंग' सगळ्यात शेवटी ठेवा, घाई असेल तेव्हा तो लावूच नका.